रंग वाळायच्या आत

ऑनसाइटला युरोपात जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या हार्डडिस्कवर एक फोल्डर असतो. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, पिसाचा मनोरा हाताने ढकलतानाचा फोटो, आणि मग कुठल्यातरी चर्चमधली चार-पाच अंधारी, हललेली चित्रं. "हे कुठलं रे?" असं विचारलं की उत्तर येतं, "फ्लॉरेन्समधलं काहीतरी. फेमस आहे." यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. चित्रातला संत कोण, राजा कोण, पैसे कोणी दिले, हे सगळं गाइड सांगतो. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे, हा रंग किती वेळात वाळत होता?

प्रश्न अगदीच गवंडीकामाचा वाटेल. पण मध्ययुग आणि रेनेसान्सच्या चित्रांबद्दल मी जेवढं वाचत गेलो तेवढं माझं मत पक्कं होत गेलं, की त्या दोन-अडीचशे वर्षांतल्या चित्रकलेची अर्धी गोष्ट या एका प्रश्नात आहे. ओल्या चुन्यावरचा रंग एका दिवसात पक्का होतो. अंड्यातला रंग मिनिटाभरात वाळतो. तेलातला रंग दिवसचे दिवस ओला राहतो. तीन माध्यमं, तीन घड्याळं. चित्रकार कसा विचार करतो, कुठे घाई करतो, चूक झाली तर काय करतो, हे सगळं त्या घड्याळावर ठरायचं. आणि एका फार मोठ्या माणसाने हे घड्याळच मानायचं नाकारलं, त्याची किंमत पुढे पाचशे वर्षं दुसरेच लोक चुकवत बसले. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडी पूर्वतयारी.

*

साधारण १४०० च्या आसपास चेन्निनो चेन्निनी नावाच्या एका चित्रकाराने एक पुस्तक लिहिलं. हा काही मोठा कलावंत नव्हता. पण त्याची गुरुपरंपरा जबरदस्त होती. तो बारा वर्षं आन्योलो गाद्दीकडे शिकला, आन्योलो त्याचा बाप ताद्देओकडे, आणि ताद्देओ चोवीस वर्षं साक्षात जोत्तोच्या हाताखाली. थोडक्यात काय, तर जोत्तोच्या घराण्याची चीज चेन्निनीपर्यंत आली होती आणि त्याने ती लिहून ठेवली. आपल्याकडे घराण्याच्या चिजा अशा सहजासहजी बाहेर येत नाहीत, त्यामुळे हे विशेष.

पुस्तकात सौंदर्यशास्त्र वगैरे फारसं नाहीच. सरस कसा उकळायचा, कुंचला कसा बांधायचा, रंग किती खलायचा, हे आहे. उमेदवारीचा हिशोबही दिलाय. एक वर्ष छोट्या फळीवर नुसती रेखाटनं, मग सहा वर्षं रंग खलणं, सरस उकळणं, फळ्या तयार करणं, आणि मग आणखी सहा वर्षं रंगकाम. एकूण तेरा. आपल्याकडे तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर माणूस थेट क्लायंटसमोर उभा राहतो, त्या हिशोबाने हा आकडा भयानक आहे!

त्यातली मला सगळ्यात आवडलेली सूचना अंड्याबद्दलची आहे. तरुण चेहरा रंगवायचा असेल तर शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्या, कारण तो फिका असतो. गावाकडच्या कोंबडीचा बलक लालसर, तो म्हाताऱ्या आणि सावळ्या माणसांच्या कातडीसाठी बरा. हसू येतं, पण हा माणूस किती बारकाईने आपला माल ओळखून होता बघा.

*

आता पहिलं घड्याळ. फ्रेस्को.

कळीचा चुना पाण्यात भिजवला की रटरटतो, मग तो बरेच दिवस मुरवत ठेवतात. त्यात वाळू घालून गिलावा करायचा, आणि तो ओला असतानाच त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक नाही, सरस नाही, काही नाही. मग रंग चिकटतो कसा? तर चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे ज्या चुनखडीपासून तो बनला होता तीच पुन्हा. हे होताना रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकून बसतात. रंग भिंतीचाच भाग होऊन जातो. ओल्या फडक्याने पुसला तरी जात नाही.

गोम अशी, की हे सगळं गिलावा ओला असेपर्यंतच चालतं, म्हणजे काही तास. म्हणून चित्रकार सकाळी ठरवायचा की आज एवढाच तुकडा. गवंडी तेवढ्याच जागेवर गिलावा लावणार, चित्रकार संध्याकाळपर्यंत तो रंगवून संपवणार, आणि जे रंगवायचं राहिलं तेवढा गिलावा कडेने कापून काढून टाकणार. उद्या त्या कडेला लागून नवा तुकडा. या एका दिवसाच्या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ 'दिवसाचं काम'. चेन्निनी तर सांगतो, दिवसात एखाद्या तरुण संताचं फक्त डोकं झालं तरी चालेल.

यात अडचणी दोन. एक, ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळे काल रंगवलेल्या झग्याचा उरलेला अर्धा भाग आज रंगवायचा तर छटा अंदाजाने जुळवायची. दुसरी, 'अंडू' नाही. चुकलात तर छिन्नी-हातोडा घेऊन तो तुकडा फोडायचा आणि पुन्हा गिलाव्यापासून सुरुवात.

या तुकड्यांचे सांधे आजही तिरप्या उजेडात दिसतात. कुठल्या तुकड्याची कड कुठल्यावर चढलीय हे बघून अभ्यासक सांगू शकतात की कुठला भाग आधी झाला, कुठला नंतर, आणि एकूण साधारण किती दिवस लागले. सातशे वर्षांपूर्वीच्या भिंतीची अख्खी कमिट हिस्टरी! आपल्या काही प्रोजेक्टांची सात महिन्यांपूर्वीचीही धड मिळत नाही.

अशा दिवसाच्या तुकड्यांत अख्खं चित्र एकसंध ठेवायचं तर आधी आराखडा हवा. मग खालच्या जाड्याभरड्या थरावर गेरूने पूर्ण चित्राचं रेखाटन करायचे. काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरातून चांगला गेरू यायचा म्हणून या रेखाटनाला 'सिनोपिया' म्हणत. गंमत म्हणजे रंगवायचा गिलावा याच्यावरच लागतो, त्यामुळे रोज त्या रेखाटनाचा एक एक तुकडा झाकला जाणार. चित्रकार स्वतःचं उत्तम ड्रॉइंग स्वतःच गाडत पुढे जायचा. २७ जुलै १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या माऱ्यात पिसाच्या काम्पोसांतो या ऐतिहासिक स्मशानभूमीच्या छपराला आग लागली आणि छपराचं शिसं वितळून भिंतींवर वाहिलं. उरलेली चित्रं वाचवण्यासाठी ती भिंतीवरून सोलून काढावी लागली, तेव्हा त्यांच्याखालची ती गेरूची रेखाटनं सहा शतकांनी पुन्हा उजेडात आली. आज पिसात त्यांचं वेगळं म्युझियम आहे, मनोऱ्यापासून अगदी जवळ. मनोरा ढकलून झाला की तिथे जरूर जा.

पुढे पंधराव्या शतकात पूर्ण आकाराचं चित्र कागदावर काढून, रेषांवर भोकं पाडून, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची पद्धत रुळली. हे वाचताना मला एकदम ओळखीचं वाटलं. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असायचा ना, तेच तंत्र!

*

फ्रेस्कोचं घड्याळ कोणी कसं वापरलं याची दोनच उदाहरणं देतो.

पहिला जोत्तो. पाडुआमधलं स्क्रोवेन्यी चॅपेल त्याने १३०३ ते १३०५ च्या सुमारास रंगवलं. पैसे देणारा एनरिको स्क्रोवेन्यी सावकाराचा मुलगा, आणि बाप इतका बदनाम की दान्तेने आपल्या काव्यात त्याला थेट नरकात बसवलाय. बापाचं पाप धुण्यासाठी मुलाने चॅपेल बांधलं असं म्हणतात. ते काही असो, आत गेलं की छतभर निळं आकाश आणि भिंतींवर पहिल्यांदाच खरी वजनदार माणसं, रडणारी, वाकणारी, पाठ फिरवून बसलेली. 'मागी राजांचं वंदन' या चित्रातला तारा त्याने शेपटीवाला धूमकेतू म्हणून काढलाय. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता, तोच त्याने बघितला असावा असं मानतात. म्हणूनच १९८६ मध्ये हॅलेच्या जवळून गेलेल्या युरोपियन यानाचं नाव 'जोत्तो' होतं.

त्याच चित्रात मरियेचा झगा बघा. तो निळा असायला हवा, पण बहुतेक निळा गळून खालचा थर दिसतोय. कारण? त्या काळचा निळा रंग, अझुराइट, ओल्या चुन्यात टिकत नाही. म्हणून तो गिलावा वाळल्यावर, सरस किंवा अंड्यात कालवून, वरून लावायचे. ओल्यात रंगवलेला शेजारचा लाल-पिवळा रंग भिंतीचा झाला, तो राहिला. वाळल्यावर लावलेला निळा भिंतीवर नुसता बसला होता, तो उडाला. एकाच चित्रात दोन घड्याळांचा निकाल शेजारी शेजारी दिसतो. हे लक्षात ठेवा, लवकरच लागणार आहे.

दुसरा मासाच्चो. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं त्याचं 'त्रिनिटी' साधारण १४२७ चं. सपाट भिंतीत खरोखरचं दालन कोरलंय असं वाटावं इतकं अचूक पर्स्पेक्टिव्ह. जवळून पाहिलं तर गिलाव्यात ओढलेल्या रेघा दिसतात. ओल्या गिलाव्यावर दोऱ्या ताणून त्याने भूमिती उमटवली होती, आणि मरियेच्या चेहऱ्यावर तर चौकटींची जाळीच कोरलेली आहे. बुद्धी, गणित आणि गवंडीकाम, तिन्ही एकाच दिवसात संपवायचं! हा माणूस १४२८ मध्ये गेला तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. माझ्या वयाचा. यावर मी जास्त विचार करत नाही.

*

दुसरं घड्याळ टेम्पेराचं, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाचं. याची फळी तयार करणं हेच एक मोठं काम. इटलीत बहुधा पॉप्लरचं लाकूड, त्यावर सरस, मग जिप्समचे थरावर थर, घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत. सोनं लावायचं असेल तिथे लाल मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग तो गुळगुळीत दगडाने किंवा चक्क कुत्र्याच्या दाताने घोटून चकचकीत करायचा.

आणि रंग? लावला की वाळला. त्यामुळे दोन छटा ओल्या असताना एकमेकींत मिसळण्याचा प्रश्नच नाही. गाल गोल दाखवायचा तर केसाएवढ्या बारीक रेघा शेजारी शेजारी, हजारोंनी. चेहऱ्याखाली आधी हिरवट मातीचा हात द्यायचे, म्हणजे वरचा गुलाबी जिवंत वाटतो. सिएनाच्या जुन्या चित्रांमध्ये बरेच चेहरे आज आजारी, हिरवे दिसतात ना, ते यामुळेच. वरचा गुलाबी झिजला, खालचा हिरवा वर आला.

फ्रेस्कोमध्ये घाई होती. इथे सक्तीचा सबुरीपणा. आणि इथे ग्राहकाचं लक्ष मालावर असायचं. १४८५ मध्ये गिर्लांदायोने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी एका चित्राचा करार केला तो आज उपलब्ध आहे. मेहनताना ११५ फ्लोरिन, मुदत तीस महिने, आणि निळा रंग औंसाला साधारण चार फ्लोरिन किमतीचा अल्ट्रामरिनच हवा. अल्ट्रामरिन म्हणजे 'समुद्रापलीकडचा'. तो लाजवर्द या दगडापासून व्हायचा आणि दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून. हलका निळा वापरून चित्रकाराने पैसे मारू नयेत म्हणून हे कलम. स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट तेव्हाही तितकंच अविश्वासातून लिहिलं जायचं :-)

*

तिसरं घड्याळ तेलाचं.

शाळेत शिकवतात की तैलरंगाचा शोध यान व्हान आइकने लावला. ही गोष्ट मुख्यतः व्हासारीमुळे पसरली. व्हासारी म्हणजे सोळाव्या शतकातला चित्रकार, ज्याने सगळ्या कलाकारांची चरित्रं लिहिली. माणूस अफाट, पण किस्सा रंगवण्याच्या बाबतीत आपल्या बखरकारांच्या जवळचा. खरी गोष्ट वेगळी आहे. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने तेलात रंग कालवायची कृती लिहून ठेवलीय. एवढंच काय, बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकाच्या मध्यापासूनच्या काही चित्रांत वाळणारी तेलं सापडल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं.

मग लोक ते वापरत का नव्हते? थिओफिलसने कारण देऊन ठेवलंय: एक थर वाळेपर्यंत दुसरा लावता येत नाही, चित्रासाठी हे फार वेळखाऊ आणि कंटाळवाणं आहे! जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. दिवस जातात.

व्हान आइकचं मोठेपण इथे आहे. ज्याला बाकीचे बग म्हणत होते त्याचं त्याने फीचर केलं. वेळ लागतो? लागू दे. मग त्या वेळात छटा एकमेकींत विरघळवता येतात. वाळलेल्या थरावर रंगीत काचेसारखा पातळ पारदर्शक थर देता येतो, त्यावर अजून एक. प्रकाश आत जातो, खालच्या पांढऱ्या थरावर आपटून परत येतो, आणि मखमल, मोती, पितळ आतून उजळल्यासारखं दिसतं. १४३२ मध्ये पूर्ण झालेलं गेंटचं वेदीचित्र बघा म्हणजे कळेल. शिवाय मत बदलायची मुभा. १४३४ च्या 'आर्नोल्फिनी' चित्राचे इन्फ्रारेड फोटो काढले तेव्हा दिसलं, की त्याने हात-पाय रंगवता रंगवता हलवले होते. चित्रकाराला पहिल्यांदा 'अंडू' मिळालं होतं.

*

आता तो मोठा माणूस.

लिओनार्डो दा विंचीला वेळ हवा होता. कायमच. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठातल्या जेवणघरात १४९५ च्या सुमारास त्याने 'लास्ट सपर' सुरू केलं. मात्तेओ बांदेल्लो नावाच्या लेखकाने लहानपणी त्याला तिथे काम करताना पाहिलं होतं. तो सांगतो, कधी लिओनार्डो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाण्यापिण्याची शुद्ध नसल्यासारखा रंगवत राहायचा. मग दोन-तीन दिवस कुंचल्याला हात नाही, नुसता चित्रासमोर उभा. आणि कधी भर दुपारी दुसऱ्या कामावरून तडक यायचा, एक-दोन फटकारे मारायचा आणि निघून जायचा.

आता सांगा, या माणसाचं आणि फ्रेस्कोचं कसं जमणार? ओला गिलावा कोणासाठी थांबत नाही. 'तुमच्यातला एकजण माझा घात करेल' हे ऐकल्यावर बारा माणसांच्या चेहऱ्यांवर, हातांवर काय उमटेल, हे त्याला पकडायचं होतं, आणि ते संध्याकाळपर्यंत संपवायचं बंधन त्याला नको होतं. म्हणून त्याने भिंतीलाच लाकडाची फळी मानलं. कोरड्या गिलाव्यावर एक अस्तर, त्यावर शिशाच्या सफेद्याचा हात, आणि त्यावर अंडं-तेलातले रंग. सावकाश, थरावर थर, हवं तेव्हा बदल. भिंत साधारण ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर रुंद.

१४९८ च्या सुमारास चित्र पूर्ण झालं. लोक वेडे झाले. आणि १५१७ मध्ये तिथे गेलेल्या एका प्रवाशाने, आंतोनियो दे बेआतिसने, नोंद केली की चित्र खराब व्हायला लागलंय. वीस वर्षंही धड झाली नव्हती, लिओनार्डो अजून जिवंत होता. काही दशकांनी व्हासारीने पाहिलं तेव्हा त्याला ते डागांचं गाठोडं वाटलं. भिंतीत ओल होती, आणि रंग भिंतीचा झालेला नव्हता. मरियेच्या झग्याचं झालं तेच, फक्त इथे अख्खं चित्रच 'वरून लावलेलं' होतं.

पुढची कथा वाचवत नाही. १६५२ मध्ये मठवाल्यांनी त्या भिंतीत दार मोठं केलं, त्यात येशूचे पाय गेले. ते पाय कसे होते हे आपल्याला आज शिष्यांनी केलेल्या नकलांवरून कळतं. अठराव्या शतकात दोन 'दुरुस्त्या' झाल्या, म्हणजे वरून सरळ रंगवलं. मग नेपोलियनचे सैनिक आले. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्ब पडून जेवणघराचं छप्पर आणि बाजूची भिंत कोसळली, चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांच्या आधाराने उभी राहिली. आणि शेवटी पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी १९७८ ते १९९९, तब्बल एकवीस वर्षं, सूक्ष्मदर्शकाखाली एक एक पोपडा साफ केला, नंतरच्या लोकांचे रंग काढले, आणि मूळ जिथे उरलंच नव्हतं तिथे फिका जलरंग भरला. लिओनार्डोने तीन-एक वर्षांत केलेल्या कामाच्या मेंटेनन्समध्ये एका माणसाच्या उमेदीची एकवीस वर्षं गेली. आपण ज्याला टेक्निकल डेट म्हणतो त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

बरं, तो यातून शहाणा झाला का? फ्लॉरेन्सच्या दरबारात 'आंग्यारीची लढाई' रंगवताना त्याने पुन्हा भिंतीवर तेलाचा प्रयोग केला. रंग वाळेना म्हणून खाली शेगड्या पेटवल्या, आणि खालचा भाग वाळला पण वर ऊब पोचली नाही, असं जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. चित्र अर्धवट राहिलं, आणि पुढे त्या दालनाच्या भिंती व्हासारीनेच नव्याने रंगवल्या.

२०२३ मध्ये मोनालिसाच्या तळथरात प्लंबोनॅक्राइट नावाचा शिशाचा एक दुर्मीळ संयुग सापडला. लास्ट सपरच्या कणांतही तो मिळाला. निष्कर्ष असा, की लिओनार्डो बहुधा तेलात शिशाचा ऑक्साइड, म्हणजे आपल्या वैद्यांकडचं मुरदाडशिंग, घालत होता. कशासाठी? तेल लवकर वाळावं म्हणून! वेळेसाठी फ्रेस्को सोडणारा हाच माणूस तेल लवकर वाळावं म्हणून धडपडत होता. घड्याळापासून सुटका नाहीच.

*

याच्या बरोबर उलट मायकेलअँजेलो. १५०८ मध्ये पोप ज्युलियस दुसरा याने त्याला सिस्टिन चॅपेलच्या छताला जुंपलं. हा म्हणत होता, मी शिल्पकार आहे, माझं काम नाही. सुरुवातीलाच 'जलप्रलया'च्या चित्रावर बुरशी धरली. पोपला जाऊन म्हणाला, बघा, सांगितलं होतं ना. पोपने जुलियानो दा सांगाल्लोला पाठवलं, त्याने गिलावा जास्त ओला होतोय हे दाखवून उपाय सांगितला. आणि हा पठ्ठ्या शिकला. चुनाच शिकला आधी. मग वेग बघा: आदमची अख्खी आकृती चार दिवसांच्या तुकड्यांत, आणि शेवटी शेवटी 'प्रकाश आणि अंधाराची फारकत' हे संपूर्ण चित्र एका दिवसात. मान वर करून, उभ्याने. १५१२ मध्ये छत संपलं.

पंचवीसेक वर्षांनी त्याच चॅपेलच्या समोरच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवायचा होता. सेबास्तियानो देल पिओम्बोने भिंत परस्पर तैलरंगासाठी तयार करून घेतली. मायकेलअँजेलोने ते सगळं काढायला लावलं आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करून घेतला. तैलरंग हे बायकांचं आणि आळशी लोकांचं काम, असं तो म्हणाल्याचं व्हासारी सांगतो. शेरा खवचट आणि चुकीचा आहे, पण निर्णय बघा. १९८० ते १९९४ मध्ये त्या छताची आणि भिंतीची सफाई झाली तेव्हा काजळीखाली ते रंग लख्ख निघाले, इतके की लोकांचा विश्वास बसेना.

*

आता थोडं घराजवळ. अजिंठ्याच्या चित्रांना आपण सर्रास 'फ्रेस्को' म्हणतो, पण इटालियन अर्थाने ती फ्रेस्को नाहीत. माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग कोरड्यावर सरसासारख्या बांधणीतले रंग. आणि तिथला निळा? लाजवर्द. गिर्लांदायोच्या करारातला समुद्रापलीकडचा दगड हजार वर्षं आधी वाघूरच्या घळीत पोचलेला होता.

१९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, ते उपकारच. पण चित्रांवर लाखेचं वार्निशही दिलं. ते काळाच्या ओघात पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते हळूहळू काढत बसावं लागलं. हेतू उत्तम, लगेच दिसणारा निकाल उत्तम, आणि बिल नंतरच्या पिढीला.

*

मग लिओनार्डो चुकला का? मला विचाराल तर, वेळ मागण्यात तो चुकला नाही. ते हात, तो टेबलावर उसळलेला गोंधळ, आणि मधोमध शांत बसलेला येशू, हे रोज संध्याकाळी संपवायच्या तुकड्यांत सुचलं असतं असं मला वाटत नाही. चुकला तो एका गोष्टीत. हातात एकच भिंत, तीही ओलीची, आणि त्याने प्रयोग थेट तिच्यावर केला. शेजारच्या भिंतीच्या कोपऱ्यात हातभर तुकडा रंगवून दोन पावसाळे वाट बघायला काय हरकत होती? चेन्निनीची तेरा वर्षं कंटाळवाणी वाटतात, पण त्यातली पहिली सात 'तुझा माल कसा वागतो' एवढंच शिकवण्यासाठी होती. आपल्या कामातही 'आत्ता चालतंय ना' म्हणून पुढे ढकललेलं काम कोणातरी अनोळखी माणसाच्या शनिवार-रविवारात जाऊन पडतं. फरक इतकाच की आपल्या कोडखाली लास्ट सपर नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी युरोपात गेलात, किंवा अगदी अजिंठ्याला गेलात, तर संत कोण आणि राजा कोण हे गाइडला सांगू द्या. तुम्ही तिरपे उभे राहून सांधे शोधा. कुठला रंग गेलाय आणि त्याच्या शेजारचा कुठला राहिलाय ते बघा. आणि मनात विचारा, हे रंगवताना त्याच्याकडे किती वेळ होता? फोटो हलला तरी चालेल.